आठ दिवसांसाठी आलेला पाहुणा आणि ४१० स्क्वेअर फूट (थोडं लांबलंय, सॉरी)

किचनओटा | ११ जानेवारी, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय इथे, पहिल्यांदाच धागा काढतेय, तोही बेडरूमचं दार लावून पांघरुणात फोन धरून, कारण घरात दुसरी जागाच उरलेली नाहीये.

डोंबिवली पूर्वेला आमचा वन बीएचके आहे, स्वतःचा, हप्ता चालू आहे. कार्पेट ४१०. मी, नवरा आणि चौथीतली मुलगी. गणपती झाल्यावर नवऱ्याचा मावसभाऊ आला. वय २४, मेकॅनिकलचा डिप्लोमा, साताऱ्याकडचा. महापेला एका कंपनीत इंटरव्ह्यू आहे, आठ दिवसांचं काम आहे म्हणाला. आता संक्रांत आली. इंटरव्ह्यू झाला, अजून दोन झाले, मग 'कॉल येणारे वहिनी' सुरू झालं ते अजून सुरूच आहे.

आधी एक सांगते, मुलगा वाईट नाही. उर्मट नाही, पीत नाही, सिंकचा नळ गळत होता त्याचा वायसर त्याने स्वतः बदलला, मुलीला क्यूब सोडवायला शिकवला. म्हणूनच जास्त त्रास होतो, कारण भांडायला कारणच मिळत नाही हो!

तो हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर झोपतो. रात्री दीडदोनपर्यंत मोबाईल बघतो (इयरफोन लावून, पण मधेच एकटाच हसतो) आणि सकाळी नऊपर्यंत तो बेड काही परत सोफा होत नाही. आमच्याकडे पाणी सकाळी ६ ते साडेसात. म्हणजे मशीन तेव्हाच लावायचं आणि कपडे वाळत घालायला बाल्कनीत जायचं तर हॉलमधूनच जावं लागतं, तो झोपलेला, मी बादली घेऊन पाय न वाजवता चाललेय, माझ्याच घरात. आणि गाऊन! चार महिने झाले मी गाऊनवर ओढणी घेतल्याशिवाय बेडरूमच्या बाहेर आलेली नाही. रात्री पाणी प्यायला उठले तरी आधी ओढणी शोधते. हे नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो 'अगं तो तुझ्याकडे बघतो का?' नाही बघत रे बाबा, मुद्दा तो नाहीचे.

आठवड्यातले तीन दिवस माझं वर्क फ्रॉम होम असतं. पूर्वी हॉलमधल्या डायनिंग टेबलवर बसायचे, आता बेडरूममध्ये इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप. गॅस सिलेंडर दीड महिना जायचा तो आता महिनाभरात संपतो. पोळ्या १४ च्या २२. लाईटबिल ३०० युनिटच्या आत बसायचं, आता वरच्या स्लॅबमध्ये गेलं. हिशोब काढायला लाज वाटते पण डोक्यात आपोआप होतो.

नवरा बोलत नाही, कारण अकरावी बारावी तो याच मावशींकडे राहिलाय साताऱ्यात. दोन वर्षं. मावशींनी एक पैसा घेतला नाही. 'मी कुठल्या तोंडाने सांगू' एवढंच म्हणतो आणि आंघोळीला जातो. मला त्याचं कळतं. पण मावशींचं घर पाच खोल्यांचं, वर माडी, मागे परडं. ४१० स्क्वेअर फुटात दोन वर्षं कशी फेडायची ते सांगा.

सव्वाआठची_लोकल | ११ जानेवारी, रात्री ११:५८

गाऊन आणि ओढणी +१००. माझे दीर तीन आठवडे होते तेव्हा मी ऑफिसात जास्त वेळ थांबायचे, बॉसला वाटलं प्रमोशन पाहिजे.

उगाचच | १२ जानेवारी, सकाळी ७:१०

सासरचा आहे म्हणून खुपतोय. तुमचा मावसभाऊ असता तर पोळ्या मोजल्या असत्या का?

किचनओटा | १२ जानेवारी, सकाळी ९:३०

@उगाचच माझा सख्खा भाऊ २०१९ ला आला होता, अकराव्या दिवशी मीच त्याला ठाण्यात रूम बघून दिली. पोळ्या तेव्हाही मोजल्या होत्या.

तिखटमीठ | १२ जानेवारी, सकाळी ९:४५

पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. आमची आजी हे पाहुण्यासमोरच म्हणायची, हसत हसत. हल्ली तेवढी हिंमत कोणात नाही.

निळी_छत्री | १२ जानेवारी, सकाळी १०:२०

वायफायचा पासवर्ड बदला. दोन दिवसांत कॉल येईल कंपनीचा.

घाटावरची | १२ जानेवारी, सकाळी ११:०५

असले उपाय नकोत गं, मी केलेत सगळे. आमच्याकडे नणंदेचा मुलगा होता स्पर्धा परीक्षेच्या क्लासला, पुण्यात, दहा महिने. मी भाजी मुद्दाम तिखट केली, टीव्ही बंद केला, भांडी आपटली. झालं काय, माझंच ॲसिडिटीचं औषध सुरू झालं आणि तो मजेत. त्याला वाटलं मामीचा स्वभावच असा आहे. भांडी आपटून निरोप पोचत नाही, शेवटी तोंडानेच सांगावं लागतं.

लालबागकर | १२ जानेवारी, दुपारी १:१५

आता कोणीतरी येऊन म्हणेलच की पूर्वी दहा बाय बाराच्या खोलीत दहा माणसं राहायची, मनं मोठी होती वगैरे. म्हणून मीच आधी लिहितो, कारण मी त्या खोलीतला आहे.

माझे वडील मालवणकडून मुंबईत आले ते लालबागला गावकीच्या खोलीत. त्या खोलीत वीसेक पुरुष. मिलच्या तीन पाळ्या, म्हणजे सगळे एका वेळी घरात कधीच नसायचे, एक उठला की त्या जागी दुसरा आडवा. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीवर एक खुंटी. जेवण खाणावळीत. आणि मेन म्हणजे, नियम होते. महिन्याची वर्गणी ठरलेली, झाडलोटीची पाळी ठरलेली, गावातून नवीन पोरगा आला की मंडळाचे दोन जाणते बसून ठरवायचे याला कुठल्या मिलमध्ये बदली कामगार म्हणून चिकटवायचा आणि तोपर्यंत याचा खर्च कोण उचलणार. वडील सांगायचे, पहिल्या पगारापर्यंत माफ आणि नंतर नाही. मनं मोठी होती की नाही माहीत नाही, वही मात्र मोठी होती.

आणि तिथे बायका नव्हत्या हो. पुढे आम्ही बिऱ्हाड केलं, चाळीतली एक खोली, तिथेही गाववाले यायचेच. १९८२ च्या संपात तर काही लोक गावी गेले, काही आमच्याकडे आले. पण झोपायला पुरुष सगळे गॅलरीत नाहीतर खाली फुटपाथवर, आई आणि बहिणी आत मोरीजवळ. आईला कोणी विचारलं नाही तिला अडचण होते का. ती पहाटे चारला उठून आंघोळ उरकायची, तेवढाच तिचा एकटीचा वेळ. तेव्हा गाऊन नव्हता एवढाच फरक.

दुसरं म्हणजे ती गॅलरी. पाहुणा दिवसभर गॅलरीत, नाक्यावर, शेजारच्याच्या दारात. घरात फक्त पाठ टेकायला. बीडीडी चाळींतल्या खोल्या १६० स्क्वेअर फुटांच्या, आता रिडेव्हलपमेंटमध्ये ५०० चा फ्लॅट मिळतोय, माझा मावसभाऊ वरळीला गेला राहायला, तो म्हणतो पूर्वीपेक्षा तिप्पट जागा आहे आणि पाहुणा आला की पूर्वीपेक्षा जास्त अडचण होते. दार बंद, माणूस जाणार कुठे? सोफ्यावरच बसणार.

किचनओटा | १२ जानेवारी, दुपारी २:००

@लालबागकर 'वही मोठी होती' नवऱ्याला वाचून दाखवलं. काही बोलला नाही पण दुसऱ्यांदा वाचायला फोन मागून घेतला.

जर्सीकर | १२ जानेवारी, रात्री ८:५०

इकडून अनुभव. सासूसासरे दर दोन वर्षांनी येतात, व्हिजिटर व्हिसावर साधारण सहा महिने राहता येतं, ते पूर्ण सहा महिने राहतात. वन बेडरूम आहे आमचं. पण मला कधी इतका त्रास नाही झाला, कारण रिटर्न तिकीट काढलेलं असतं. फ्रिजवर तारीख लावलेली असते, त्यांना पण घरी जायचे वेध लागलेले असतात.

याउलट नवऱ्याचा मित्र, जॉब गेला म्हणून 'दोन आठवडे' आला, तीन महिने काढले. तो सासूपेक्षा हजारपट शांत आणि भांडी पण घासायचा, तरी मला त्याच्या चपलांचा आवाज सहन होईना. शेवटी आमच्या लीजमध्ये होतं की १४ दिवसांवर पाहुणा राहिला तर त्याचं नाव ऑफिसात द्यायचं, ते पान काढून दाखवलं. कागदावर ढकललं की आपण वाईट होत नाही. पण तुमचं घर स्वतःचं आहे म्हणजे हा मार्ग बंद.

सव्वाआठची_लोकल | १२ जानेवारी, रात्री ९:०५

सोसायटीचं नाव पुढे करा की. 'सेक्रेटरी विचारत होते' म्हणायचं. सेक्रेटरीचा एवढा तरी उपयोग!

किचनओटा | १२ जानेवारी, रात्री १०:३०

सेक्रेटरी काका त्याच्याबरोबर रोज कॅरम खेळतात. पंप बिघडला होता तेव्हा यानेच बघून दिला, तेव्हापासून बिल्डिंगचा लाडका आहे.

अजून एक राहिलं सांगायचं. परवा तो नवऱ्याला म्हणाला आधारवर इथला पत्ता टाकू का, लोकल पत्ता असला की कंपन्या पटकन घेतात म्हणे. माझ्या पोटात गोळाच आला.

निळी_छत्री | १२ जानेवारी, रात्री १०:३४

अजिबात नको!!! उद्या हक्क सांगेल. बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं.

काळा_कोट | १२ जानेवारी, रात्री ११:१५

थांबा थांबा. हे बारा वर्षांचं भूत प्रत्येक धाग्यावर येतं. प्रतिकूल ताबा म्हणजे मालकाच्या विरोधात, उघडपणे, मालक असल्यासारखा ठेवलेला ताबा. तुमच्या परवानगीने, नात्यातून, फुकट राहणाऱ्याचा ताबा तसा नसतो. २०१२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, गोव्यातल्या घराचा, बहिणीच्या घरात भाऊ राहत होता आणि बाहेर निघेना. कोर्टाने स्पष्ट सांगितलं की कोणाला विनामोबदला राहू दिलं तर तो वर्षानुवर्षं, अगदी दशकं राहिला तरी त्याला त्या जागेत हक्क मिळत नाही. आधारवरचा पत्ता हा राहण्याचा पत्ता, मालकीचा कागद नव्हे.

पण ती केस खालच्या कोर्टापासून सुप्रीम कोर्टापर्यंत गेली हेही लक्षात घ्या, बहीण जिंकली तरी मधली वर्षं गेलीच. तुमच्या प्रकरणात कायदा कुठेच नाहीये. पत्ता टाकायला फक्त 'आत्ता नको, तुझी रूम झाली की तिथला टाक' म्हणा. हे वाक्य दोन कामं करेल.

तिखटमीठ | १२ जानेवारी, रात्री ११:२०

'तुझी रूम झाली की' भारी आहे. काळा कोट उगाच नाही घातलेला.

मी_पण_होतो | १३ जानेवारी, रात्री १२:४०

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. २०११ ला मी पिंपरीत काकांकडे सात महिने होतो. वन आरके. काका, काकू, दोन चुलतभाऊ आणि मी.

तुम्हाला वाटतं तसं नसतं की त्याला कळत नाही. सगळं कळतं. मी पाणी पिताना पण ग्लास कमी भरायचो. काकू बोलायच्या नाहीत पण आमटी वाढताना डाव अर्धा व्हायचा ते दिसायचं. दुपारी घरात बसायला लाज वाटायची म्हणून मी चिंचवड स्टेशनच्या बाकावर जाऊन बसायचो, दोन वडापाव खाऊन घरी यायचो आणि 'भूक नाही काकू' म्हणायचो, त्याचाही काकूंना राग यायचा की आमचं जेवण याला चालत नाही.

मग गेलो का नाही? खरं सांगतो, फुकट होतं म्हणून. चांगुलपणाची गोष्ट सांगत नाहीये मी. कॉट बेसिसला तेव्हा दीड दोन हजार लागायचे, ते घरून मागायला नको वाटायचं आणि काकांनी 'जा' म्हटलं नव्हतं. जोवर कोणी जा म्हणत नाही तोवर माणूस स्वतःला समजावत राहतो की चालतंय त्यांना. गावी आईला फोनवर सांगायचो, काकू फार जीव लावतात.

एक दिवस काकाच म्हणाले, पंधरा तारखेपर्यंत बघ. मला राग आला नाही, उलट त्या रात्री पहिल्यांदा नीट झोप लागली. दहा तारखेलाच गेलो.

घाटावरची | १३ जानेवारी, सकाळी ८:१५

ग्लास कमी भरायचो... आता मला त्या नणंदेच्या मुलाला फोन करावासा वाटतोय.

उगाचच | १३ जानेवारी, सकाळी ८:४०

तरी नवऱ्यानेच बोलायला पाहिजे. त्याचा भाऊ, त्याची मावशी. बायकोने बोललं की आयुष्यभर 'सुनेने घालवला' हेच राहतं गावात.

किचनओटा | १३ जानेवारी, सकाळी ११:००

@उगाचच या वेळी मात्र पटलं. काल रात्री नवऱ्याशी बोलले, रडारड न करता. तो म्हणाला संक्रांत होऊ दे. पूर्वी म्हणायचा दिवाळी होऊ दे. आमच्याकडे सण काही संपत नाहीत.

तिखटमीठ | १३ जानेवारी, सकाळी ११:०४

भीड भिकेची बहीण. संक्रांतीनंतर महाशिवरात्र, मग होळी, मग गुढीपाडवा. गुढी त्यालाच उभारायला सांगा, उंच आहे का?

कोरडी_भाकर | १३ जानेवारी, दुपारी ४:२०

थोडं कामाचं. डिप्लोमावाला आहे तर अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवलंय का त्याने? नुसत्या कायम नोकरीची वाट बघत बसतात ही मुलं. स्टायपेंड कमी असतो पण एक वर्षाचं काम हातात येतं आणि घराबाहेर पडतो. महापे, रबाळे पट्ट्यात काम करणारी मुलं घणसोली, कोपरखैरणेला तिघंचौघं मिळून राहतात. माझा भाचा तसाच राहतो. डोंबिवलीहून महापेला रोज जाण्यायेण्यात दोन अडीच तास घालवण्यापेक्षा त्यालाही बरं, असं पटवा. हाकलतोय असं वाटणार नाही.

किचनओटा | १९ जानेवारी, रात्री ११:१५

अपडेट. बसा नीट, कारण मला अजून हसावं की रडावं कळत नाहीये.

संक्रांतीला मावशींचा फोन आला तिळगूळ घ्या म्हणून. नवरा आंघोळीला (नेहमीप्रमाणे), मी उचलला. इकडचं तिकडचं झालं आणि मग मीच म्हटलं, मावशी, भाऊजींचं पुढचं काय ठरतंय, म्हणजे इथे जागा लहान आहे, त्यांनाही अभ्यासाला वगैरे अडचण होत असेल. एवढंच. घसा कोरडा पडला होता.

तर मावशी म्हणाल्या, 'अगं मी पण तेच म्हणणार होते, आता त्याला सोडा गं तुम्ही.'

सोडा??

मग कळलं. दिवाळीत नवरा साताऱ्याला एक दिवस जाऊन आला होता, तेव्हा मावशींनी विचारलं की हा किती दिवस राहतोय तुमच्याकडे, त्रास होत असेल. तर आमचे हे महाशय भिडेखातर म्हणाले, 'छे गं मावशी, उलट त्याच्याशिवाय आमचं चालत नाही, हिचं ऑफिस असतं, मुलगी शाळेतून येते तेव्हा तोच असतो घरी.' मावशींनी ते खरं धरलं. त्यांनी मुलाला सांगितलं, वहिनीला गरज आहे, दादाने आपल्याकडे दोन वर्षं काढलीत पण आता तो तुझ्यावर विसंबून आहे, लगेच निघू नकोस, बरं दिसत नाही. काका तिकडे ओरडतायत की पोरगं नोकरी सोडून पोर सांभाळत बसलंय. आणि ऐका, नोव्हेंबरमध्ये त्याला चाकणला एक जॉब मिळत होता, त्याने नाही म्हटलं. आमच्यासाठी!

म्हणजे चार महिने मी ओढणी घेऊन फिरतेय आणि तो हॉलमध्ये बसून आमच्यावर उपकार करतोय.

सव्वाआठची_लोकल | १९ जानेवारी, रात्री ११:२१

मी ट्रेनमध्ये मोठ्याने हसले, समोरची बाई जागा बदलून गेली.

लालबागकर | १९ जानेवारी, रात्री ११:३०

वही नसली की असं होतं. दोन्हीकडे जमेची बाजूच लिहिलेली.

मी_पण_होतो | १९ जानेवारी, रात्री ११:५०

चाकणचा जॉब सोडला ते खरंच तुमच्यासाठी की फुकटसाठी हे त्याचं त्यालाच माहीत. मी असतो तर दोन्ही म्हटलं असतं.

घाटावरची | २० जानेवारी, सकाळी ७:५०

नवऱ्याचं काय केलंस ते आधी सांग.

किचनओटा | २० जानेवारी, सकाळी १०:१०

नवऱ्याला फक्त एवढं म्हटलं की आता तूच त्याला सांग की त्याच्याशिवाय आमचं चालतं. रविवारी दोघं खाली चहाच्या टपरीवर गेले आणि तासाभराने आले. ३१ तारीख ठरली. कॅलेंडरवर मुलीने स्केचपेनने गोल केलाय. कोरडी_भाकर, तुमचं घणसोलीचं पण चाललंय, त्याचा कॉलेजचा मित्र राहतो तिथे, एक कॉट रिकामी होतेय. डिपॉझिट नवरा देणार म्हणतो. त्यावरून आमचं वाजलं, पण नंतर मीच म्हटलं देऊन टाक.

एक विचित्र झालंय पण. तारीख ठरल्यापासून तो सकाळी सातला उठून बेडचा सोफा करतो. चादर घडी. आणि मला त्याच्या रात्रीच्या हसण्याचा त्रास होत नाही. काल मीच विचारलं काय बघताय म्हणून, तर गावाकडच्या बैलगाडा शर्यतीचे व्हिडिओ बघतो तो.

जर्सीकर | २० जानेवारी, रात्री ९:४०

रिटर्न तिकीट!! सांगितलं नव्हतं का मी.

किचनओटा | ८ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:३०

शेवटचं अपडेट. ३१ ला गेला. रबाळेला एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागलाय. जाताना नळाचे दोन जादा वायसर ड्रॉवरमध्ये ठेवून गेला आणि सोफ्याची एक स्प्रिंग कायमची बसवून गेला. १ तारखेला मी गाऊनवर, ओढणीशिवाय, बाल्कनीत जाऊन अर्धा तास नुसती उभी होते. समोरच्या बिल्डिंगमधले आजोबा बघत होते, बघू देत.

आज रविवार, दुपारी बेल वाजली. भाऊजी. सोबत मित्र पण. माझ्या मुलीसाठी नवा क्यूब आणि मोठी एक सॅक. जेवले दोघं, साडेतीनला निघाले.

तिखटमीठ | ८ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:४१

सॅकमध्ये काय होतं?

किचनओटा | ८ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:४४

आठवड्याचे कपडे, दोघांचे. तिकडे मशीन नाहीये म्हणे. लावलेत मशीनला, पुढच्या रविवारी न्यायला येणारेत.